घरच्या घरी नाताळची सजावट: फ्लॅट भाड्याचा, घरात मांजर, नाशिकमध्ये काय काय मिळेल? सल्ला हवाय

इंदिरानगरची_सून

नमस्कार मंडळी. यंदा पहिल्यांदाच नाताळ आमच्याकडे नाशिकला आहे. दरवर्षी आम्ही नगरला सासरी जायचो, तिथे जुनं घर, पुढे अंगण, सासरे होते तोवर ते स्वतः चांदणी बांधायचे आणि ओसरीवर मोठा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडायचे. आता सासूबाई आमच्याकडेच राहायला आल्यात, गुडघ्यांमुळे त्यांना जिने चढणं-उतरणं जमत नाही. त्या म्हणतात काही नको गं, एक चांदणी लावली की झालं, पण मला माहितीये त्यांना गोठा हवाय आणि तो विकतचा नकोय.

अडचणी अशा की फ्लॅट भाड्याचा, मालकांनी खिळा ठोकायचा नाही हे आधीच बजावलंय. मुलगा चौथीत, मुलगी सीनियर केजीत, दोघांनाही सगळ्यात हात घालायचाय. आणि एक मांजर आहे, ती लटकणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर झेप घेते. बजेट सगळं मिळून दोन हजारापर्यंत. ऑनलाइन प्लास्टिकच्या झाडाचे सेट बघितले पण मन होत नाहीये, घरात माणसं आहेत, हात आहेत तर काहीतरी करावं असं वाटतं. चांदणी घरी कशी करायची, झाडाचं काय करू, गोठा कशाचा आणि दिव्यांचं काय, ज्याला जे माहितीये ते सांगा प्लीज. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार तोंडावर आलाय.

कामटी_आणि_कागद

ताई, चांदणीचं मी सांगतो. मी मूळचा येवल्याचा, आमच्याकडे संक्रांतीची तयारी डिसेंबरातच सुरू होते हे तुम्हाला माहीत असेलच, आणि त्याचाच फायदा तुम्हाला होणारे. पतंगाचा कागद, कामट्या सगळं आत्ता मिळतं. नाशिकमध्ये पतंगवाल्यांची दुकानं आतापासून लागायला लागतात, तिथे तावाने कागद मागा, आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) आणि मांज्याच्या मागेच गठ्ठा ठेवलेला असतो. कामट्या बुरडाकडून घ्या, आकाशकंदिलाच्या म्हणून सांगितलं की तो बरोबर जाडीच्या देतो.

एका चांदणीला दोन फुटी दहा कामट्या लागतात. पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या करायच्या आणि मग त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधायची. आता यातली खरी खुबी खुणांमध्ये आहे. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून सव्वानऊ इंचाच्या आसपास पेन्सिलीने खूण करा, कामट्या बरोबर त्याच खुणांवर एकमेकींना छेदल्या पाहिजेत, एकीच्या वरून दुसरीच्या खालून अशा गुंफत. खुणा न करता अंदाजाने बांधलं की एक पाय लांब, एक आखूड होतो आणि कागद लावताना सगळं वाकडं जातं. छेदाच्या पाचही जागा दोऱ्याने घट्ट बांधा, इथे सुतळी नको, जाड होते.

दोन्ही चांदण्या टोकांना बांधून झाल्या की मधे ज्या पाच छेदाच्या जागा आहेत तिथे पाच-सहा इंचांच्या छोट्या कामट्या आडव्या अडकवायच्या, पुढच्या आणि मागच्या चांदणीच्या मधे. त्या घातल्या घातल्या चांदणी फुगते, मुलांना हा क्षण नक्की दाखवा, सपाट वस्तूला एकदम पोट येतं. मग कागद. पुढे-मागे मिळून दहा त्रिकोण, दोन पंचकोन आणि बाजूंना दहा निमुळते त्रिकोण, एवढेच तुकडे. कागद कामटीपेक्षा बोटभर मोठा कापा आणि दुमडून चिकटवा. मैद्याची खळ वापरा, फेविकॉलने पतंगाचा कागद सुरकुततो. जुने लोक खळीत मोरचूद घालायचे किडे लागू नयेत म्हणून, तुमच्याकडे लहान मुलं आणि मांजर आहे तर अजिबात घालू नका, लागेल तेवढी ताजी खळ करा. बाजूचा एक त्रिकोण फक्त वरच्या कडेला चिकटवा, तिथून बल्ब आत जाईल. खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या लावा.

खिळ्याचा प्रश्नच नाही, बाल्कनीच्या ग्रिलला बाहेरच्या बाजूने बांधा, मांजरीच्या तावडीतूनही सुटेल.

शरणपूरची_लेक

वरच्या चांदणीला पूर्ण अनुमोदन. रंगाचं फक्त एक, लाल आणि पांढरा कागद घ्या, जांभळा-निळा दिव्याने काळपट दिसतो लांबून.

आता गोठा. तुमचं वाचून मला फार आपलंसं वाटलं कारण आमच्याकडेही गोठा म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काम असायचं. पहिली गोष्ट, जमिनीवर मांडू नका. सासूबाई खुर्चीत बसल्या की त्यांचे हात जिथे सहज पोचतात त्या उंचीचा स्टूल किंवा टेबल घ्या आणि त्याच्यावर मांडा, म्हणजे त्या नुसत्या बघत बसणार नाहीत, मांडतील. नगरला कसा मांडायचे ते त्यांनाच विचारा, गव्हाणी डावीकडे की मधे, मेंढपाळ कुठे, प्रत्येक घराची एक रीत असते.

मुलांनी दिवाळीत किल्ला केला असेल तर अर्धं काम झालंय. डोंगरासाठी खाकी कागद चुरगळून त्यावर गेरू आणि मातीचा पातळ लेप द्या, वाळला की दगडासारखा दिसतो आणि वजन काही नाही. गोठ्यासाठी किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं, एक बाजू उघडी, छपराला भाताचा पेंढा. पेंढा इगतपुरी-त्र्यंबक बाजूला हवा तेवढा मिळतो, तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर एक पेंढी पुरते. पेंढा नीट झाडून घ्या, त्यात किडे असतात.

मूर्ती शाडूच्या करा. गणपतीची शाडू माती उरलेली असेल तर उत्तम, नसेल तर कुंभाराकडे मिळते. माती मळताना त्यात भिजवून वाटलेला कागदाचा लगदा थोडा घाला, तडे कमी जातात. आणि हे महत्त्वाचं, आत काडी किंवा तार घालू नका. माती वाळताना आक्रसते, काडी आक्रसत नाही, म्हणून बरोबर तिथेच मूर्ती फुटते. त्यापेक्षा अंग शंकूसारखं करा, खाली रुंद वर निमुळतं, झगा घातलेली मरिया किंवा योसेफ असेच तर दिसतात. डोकं वेगळं करून दोन्हीकडे सुरीने खरवडून पातळ मातीने जोडा. चार-पाच इंचांपेक्षा मोठं नको. सावलीत वाळवा, गॅलरीच्या उन्हात ठेवलं की एका बाजूने तडकतं. मेंढ्या मुलीला करू द्या, गोळ्याला चार पाय आणि वर कापूस, पाच वर्षांच्या मुलीला मेंढीच जमते आणि सुंदर जमते.

बैल मात्र करू नका, पोळ्याचे मातीचे बैल घरात असतील तर तेच ठेवा, नसतील तर शेजाऱ्यांकडे असतील. आमच्या गोठ्यात कायम पोळ्याचीच जोडी असते, एकाचं शिंग मोडलंय तरी तोच. कुणी म्हणेल बेथलेहेमात आपले बैल कुठून आले. पण गोठा मांडायची ही पद्धत रुजवली संत फ्रान्सिस यांनी, १२२३ साली इटलीत ग्रेचो नावाच्या गावी, आणि त्यांनी खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं, तिथलंच, गावातलं. लोकांना प्रसंग आपल्या डोळ्यांसमोर घडतोय असं वाटावं हाच तर हेतू होता.

हिरवळीसाठी नवरात्रात घट बसवतात तसे गहू पेरा किंवा हळीव पेरा, पसरट झाकणांत ओला कापूस घालून. हळीव एरवी दोन-तीन दिवसांत कोंब धरतो, पण आपल्याकडे डिसेंबरात थंडी असते, जास्त वेळ लागतो, म्हणून १५-१६ तारखेच्या आसपास पेरा. गव्हाला थोडं आणखी आधी. पाणी चमच्याने घाला, मूर्ती कच्च्या मातीच्या आहेत, पाणी लागलं की विरघळतील.

बाळ येशूला २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचं नाही, गव्हाणी रिकामी. आणि मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, पहिल्या दिवसापासून गोठ्यात नको, त्यांना लांब, टीव्हीच्या टेबलावर वगैरे ठेवा आणि मुलांना रोज थोडं थोडं पुढे सरकवू द्या, ६ जानेवारीला पोचले पाहिजेत. मुलं हे विसरत नाहीत, आपण विसरतो.

अमेय_सिडको

गोठ्याच्या छपरावर आणि आजूबाजूला कापूस पसरला की बर्फ मस्त दिसतो आणि मधेमधे छोट्या मेणबत्त्या ठेवल्या की रात्री फार छान वाटतं. पाठीमागे थर्माकोलची भिंत करून चमकी मारा.

वायरमन_सातपूर

अमेय, राग मानू नको पण हे ताईंनी अजिबात करू नये. कापूस, पेंढा, पुठ्ठा आणि उघडी ज्योत एका टेबलावर, आणि घरात लहान मुलगी आणि उड्या मारणारी मांजर. कापूस पेट घेतो तेव्हा विचार करायला वेळच मिळत नाही. आणि थर्माकोल तर सजावटीसाठी आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहे, शिवाय तोही भडकन पेटतो. बेथलेहेमच्या गोठ्यात बर्फ हवाच असंही नाही.

ताई, दिव्यांचं असं करा. चांदणीत ५ वॅटचा एलईडी बल्ब लावा, जास्त नको आणि जुना पिवळा बल्ब तर नकोच, तो तापतो, कागद आधी तपकिरी पडतो आणि मग पेटू शकतो. एलईडीही थोडा गरम होतोच म्हणून कागदाला टेकता कामा नये, होल्डर चांदणीच्या मधल्या कामट्यांना दोऱ्याने बांधून मधोमध लटकत ठेवा. होल्डरची वायर बाल्कनीत आत घेताना दारात चेपली जाणार नाही असं बघा, सरकत्या दाराच्या खाली वायर कापली जाते आणि बाहेरून दिसत नाही.

गोठ्यात बॅटरीवर चालणारी तांब्याच्या तारेची एलईडी माळ घ्या, ती पेंढ्यात लपते आणि तापत नाही. बॅटरीचा डबा मुलीच्या हाताला लागेल असा ठेवू नका, त्यातही चपट्या बटन सेलवाली माळ अजिबात घेऊ नका, तो सेल मुलाने गिळला तर खूप धोकादायक असतो. पेन्सिल सेलवाली घ्या. प्लगवाल्या माळा एकाच एक्स्टेंशनवर चार-चार लावायच्या नाहीत आणि रात्री झोपताना बंद. हे मी दिवसभर हेच काम करतो म्हणून कळकळीने सांगतोय.

मोहाडीकर

नमस्कार. झाडाचं मला कळत नाही पण दारावर लावायचं गोल चक्र तुम्ही विकत घेऊ नका एवढं सांगायला आलो. आपण नाशिकला राहतो आणि लोक प्लास्टिकच्या पानांचं चक्र आणतात याचं मला खरंच वाईट वाटतं. आमच्या द्राक्षबागांमध्ये ऑक्टोबरात गोड्या छाटणीला, म्हणजे फळांसाठी करतात त्या छाटणीला, काड्यांचे ढीग पडतात, आम्ही त्या कुट्टी करून बागेतच टाकतो, बांधावर पडलेल्या मात्र अजून आहेत. जगभर लोक द्राक्षवेलीच्या काड्यांची चक्रं विकत घेतात, आपल्याकडे ती बांधाला पडून असतात.

करायला एकदम सोपं. ऑक्टोबरच्या काड्या आता वाळल्यात, तशाच वाकवल्या की मोडतील, म्हणून रात्रभर टबात पाण्यात बुडवून ठेवायच्या, वर दगड ठेवा नाहीतर तरंगतात. सकाळी वाकवून बघा, पेराजवळ न मोडता वळली पाहिजे. मग तीन-चार काड्या एकत्र धरून हव्या त्या मापाचा गोल करायचा, बादलीभोवती गुंडाळलात तरी चालेल, सुतळीने दोन ठिकाणी बांधायचा आणि उरलेल्या काड्या एकेक करून आत-बाहेर, आत-बाहेर गुंडाळत जायचं. टोकं आतच खोचायची. वेलीचे ते वळलेले तणावे काढू नका, त्यांच्यामुळेच ते खरं दिसतं. दोन दिवस सावलीत वाळलं की कडक होतं, मग सुतळी सोडली तरी सुटत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतं.

एक काळजी घ्या. कुणाच्याही बागेतून उभ्या वेलीची काडी तोडू नका, एकतर त्यावर माल असतो आणि दुसरं म्हणजे छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात त्या जागांना, पेस्ट लावलेली असते, ते औषध विषारी आहे. छाटून खाली पडलेल्याच काड्या घ्यायच्या, त्या आधी स्वच्छ धुवायच्या, आणि ते भिजवलेलं पाणी तुळशीत वगैरे टाकू नका. भिजवताना आणि वळताना हातमोजे घाला, मुलांना सजवायच्या वेळी बोलवा.

दाराला लावायला खिळा कशाला, तोरणाचे हूक चौकटीला असतातच, नसतील तर लांब रिबीन दाराच्या वरून आत घेऊन आतल्या कडीला बांधा.

शरणपूरची_लेक

मोहाडीकर दादा, हे फार छान सांगितलंत. हेच चक्र टेबलावर आडवं ठेवलं की आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांसाठीही होतं, तीन जांभळ्या एक गुलाबी, दर रविवारी एक वाढवत न्यायची. फक्त वायरमन दादांचं ऐकून मेणबत्त्या काचेच्या ग्लासात, खाली स्टीलचं ताट, आणि प्रार्थना झाली की लगेच विझवायच्या.

बाल्कनीतली_बाग

झाडाचं मी सांगते. नर्सरीत जे ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत मिळतं ते अरोकेरिया, मजल्या-मजल्याने फांद्या येतात ते. गंगापूर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये बघा. झाड चांगलं आहे, पण हळू वाढतं आणि लहान झाडाच्या फांद्या नाजूक असतात, जड गोळे लटकवले की वाकतात. त्याला भरपूर उजेड लागतो, म्हणून वर्षभर बाल्कनीत आणि नाताळाच्या आठवडा-दहा दिवस आत, असं केलंत तर वर्षानुवर्षं तेच झाड वापराल. शेंडा कुणी खुडू देऊ नका, शेंडा गेला की सरळ वाढ जाते.

स्वस्तात हवं असेल तर मोरपंखीची कुंडी. शंकूच्या आकाराची, भरगच्च, हिरवीगार, आपल्या उन्हाला टणक. मला स्वतःला तीच जास्त आवडते. सोसायटीतल्या किंवा रस्त्यावरच्या झाडाची फांदी मात्र छाटून आणू नका, शहरात परवानगीशिवाय झाड तोडणं-छाटणं कायद्याने गुन्हा होतो आणि तसंही दोन आठवड्यांच्या हौसेसाठी नकोच.

पण तुमच्याकडे मांजर आहे आणि ती चढणारच, तर माझं मत असं की उभं झाड करूच नका, भिंतीवरचं करा. वाळक्या काटक्या गोळा करा, सगळ्यात लांब तीन फुटी, मग प्रत्येक चार-पाच इंचांनी आखूड करत नेत सात-आठ काटक्या, दोन्ही बाजूंनी सुतळीने शिडीसारख्या बांधायच्या, वर एकच टोक. पडद्याच्या दांडीला टांगलं की झाडाचा त्रिकोण तयार होतो आणि काटक्यांना हलक्या वस्तू लटकवता येतात. खालची काटकी मांजरीच्या उडीपेक्षा वर ठेवा.

आणि लाल पानांचा पॉइनसेटिया घ्यायचा मोह होईल, नर्सरीत आत्ता तोच दिसतो. त्याचा चीक त्वचेला आणि मांजरीच्या तोंडाला त्रास देतो, फार भयंकर काही नाही पण उंचावर ठेवा. नाताळानंतर टाकू नका, तो मूळचा मेक्सिकोचा, मोठं झुडूप होतो. पुढच्या वर्षी पानं लाल हवी असतील तर ऑक्टोबरपासून संध्याकाळी पाच ते सकाळी सातपर्यंत पूर्ण अंधारात ठेवायचा, रोज, दीड-दोन महिने. बाल्कनीतला दिवा चालू राहिला तरी तो लाल व्हायला कुचराई करतो.

खमंग_खिडकी

लटकवायच्या वस्तूंसाठी: आत्ता बाजारात संत्री आहेत. अर्धा सेंटीमीटर जाड आडव्या चकत्या कापा, फडक्याने टिपून ओव्हनमध्ये १०० डिग्रीला तीन-चार तास, मधे उलटायच्या. ओव्हन नसेल तर जाळीखाली उन्हात, आपल्याकडची हवा सध्या कोरडी आहे, थोडे जास्त दिवस लागतील एवढंच. खिडकीत टांगल्या की उजेड आरपार येतो आणि आतल्या फाकांच्या रेषा दिसतात, रंगीत काचेला मागे टाकेल असं. सोबत दालचिनीची काडी आणि चक्रफूल बांधा, वासाने घर भरतं.

दुसरं मिठाच्या पिठाचे आकार. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण वाटीभर पाणी पण एकदम ओतू नका, पुरीच्या कणकेसारखं घट्ट झालं की थांबायचं. लाटून शंकरपाळ्याच्या जाडीचं, वाटीने-झाकणाने कापून, भोक वाळवायच्या आधी स्ट्रॉने पाडायचं. मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास. मुलं एक अख्खी दुपार यात रमतात. मांजरीने खाल्लं तर मात्र मीठ तिला बाधतं, वरच्या काटक्यांना लावा.

मूर्तींच्या अंगावर कपडे हवे असतील तर जुन्या सुती धोतराच्या चिंध्या कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळा, चिमूटभर तुरटी घालून, मस्त सोनेरी तपकिरी रंग येतो. कांद्याच्या जिल्ह्यात राहून रंग विकत कशाला घ्यायचा. रिबीन, लेस, घुंगरू मेन रोड-दहीपूल भागात सुटे मिळतात, कॉलेज रोडला तयार पाकिटं महाग पडतात.

इंदिरानगरची_सून

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू, मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. पोळ्याच्या बैलांचं ऐकल्यावर त्या लगेच म्हणाल्या की नगरलाही बैल पोळ्याचेच असायचे आणि गोठ्याच्या मागे ज्वारीचा कडबा उभा करायचे ते. म्हणजे गोठा आता त्याच मांडणार, मी नुसतं खोकं आणि माती आणून देणार. मूर्तींपैकी योसेफ आणि मरिया त्या करणार, मेंढ्या धाकटीकडे, मागी आणि उंट मोठ्याकडे.

झाड काटक्यांचंच करतो. चांदणीच्या कामट्या नवरा शनिवारी आणतोय. एकच विचारायचं राहिलं, द्राक्षाच्या काड्या मला कुठे मिळतील, आमचं शेतीतलं कोणी नाही. आणि वायरमन दादा, चांदणी रात्रभर चालू ठेवली तर चालेल का, सासूबाई म्हणतात नाताळाच्या रात्री चांदणी विझवत नाहीत.

वायरमन_सातपूर

एक रात्र ५ वॅटचा एलईडी चालू राहिला तर हरकत नाही, पण आदल्या दिवशी सलग चार-पाच तास चालवून बघा आणि बल्बच्या वरच्या कागदाला हात लावा. कोमट लागला तर ठीक, गरम लागला तर बल्ब खाली घ्या किंवा ३ वॅटचा लावा. होल्डरची वायर जुनी, कडक झालेली असेल तर बदला, नवी होल्डर-वायर काही फार महाग नसते.

मोहाडीकर

ताई, मी रविवारी सकाळी भाजी घेऊन नाशिकला येतोय, एक मोळी बांधून आणतो, मेसेजमध्ये वेळ ठरवू. पैसे नकोत. दोन चक्रांपुरत्या आणतो, एक दाराला आणि एक टेबलावरच्या मेणबत्त्यांना. तुम्ही मोठा टब, सुतळी आणि हातमोजे तेवढे तयार ठेवा, आणल्या आणल्या धुऊन भिजत घाला म्हणजे सोमवारी वळता येतील.